चार, चार, चार

[दृश्य: कुणाच्या तरी हातात एक रेकॉर्ड. कव्हर उलटं होतं. मागे गाण्यांची यादी.]

टीनेज फॅनक्लब या स्कॉटिश बँडचा अल्बम 'साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन', १९९७. बारा गाणी. कोणतं गाणं कुणी लिहिलं ते बोट ठेवून मोजा. नॉर्मन ब्लेकची चार, जेरार्ड लव्हची चार, रेमंड मॅगिन्लीची चार.

आता २०००चा अल्बम घ्या. पुन्हा बारा, पुन्हा चार-चार-चार. २००५, तेच. २०१०, तेच. २०१६, तेच. सलग पाच अल्बम, जवळजवळ वीस वर्षं, तीन गीतकार आणि वाटणीत एका गाण्याचाही फरक नाही. ज्यांनी कधी कुणाबरोबर मिळून काही केलंय, त्यांना हे किती अवघड असतं ते ठाऊक असेल.

[दृश्य: ढगाळ आकाश, ओला रस्ता, एकाला एक लागून घरं.]

या बँडचं गाव बेल्सहिल, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या आग्नेयेला. कोळशावर आणि पोलादावर वाढलेलं गाव. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक मॅट बझ्बी इथलेच. ऐंशीच्या दशकात इथली पोरं गिटारं घेऊन एकामागून एक बँड काढत होती. सूप ड्रॅगन्स इथले, बीएमएक्स बँडिट्स इथले. वाजवणारे बरेचसे तेच, आज या बँडमध्ये, उद्या त्या. त्याच घोळक्यातून १९८९ साली टीनेज फॅनक्लब उभा राहिला.

१९९१मध्ये त्यांचा 'बँडवॅगनेस्क' आला. अमेरिकेतल्या 'स्पिन' मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. त्याच वर्षी निर्वाणा या अमेरिकन बँडचा 'नेव्हरमाइंड' आला होता, त्यामुळे त्या निवडीवर आजही वाद होतात. मला ती निवड पटते. पहिलंच गाणं ऐका. सहा मिनिटांचं आहे. अर्ध्या वाटेवर शब्द संपतात, लय मंदावते आणि मग गिटारच्या जाड आवाजावर नुसते 'आऽऽ' करत गळे चढत जातात.

[ध्वनी: एक आवाज. त्यात दुसरा मिसळतो. मग तिसरा.]

आपला कान एका सुरावर पोसलेला असतो. तानपुरा षड्ज धरून बसतो आणि गायक एकच ओळ विणत जातो. हार्मनीत तिघं जण एकच शब्द एकाच क्षणी उच्चारतात, पण एक सा धरतो, दुसरा ग, तिसरा प. गोव्यात मांडो ऐकलेल्यांना हे सांगायला नको, तिथेही दोन आवाज असेच हात धरून चालतात. यात कुणी आपला गळा दाखवायला पुढे सरसावला की सगळं विस्कटतं. ज्याचं गाणं असेल त्यालाही शेजारच्यासाठी जागा सोडावी लागते. चार-चार-चारचा हिशोब मला याच सवयीतून आलेला वाटतो.

ही सवय त्यांनी जुन्या अमेरिकन बँडच्या रेकॉर्डींवरून उचलली. बर्ड्झची किणकिणणारी गिटारं, बीच बॉइजची आवाजांची मांडणी आणि मेम्फिसचा बिग स्टार. बिग स्टारचा पहिला अल्बम १९७२चा. ऐकणाऱ्यांनी वाखाणला, पण दुकानांत धड पोचलाच नाही. टीनेज फॅनक्लबने आपल्या १९९३च्या अल्बमला त्यातल्याच एका गाण्याचं नाव दिलं, 'थर्टीन'. नक्कल म्हणून हिणवणारे तेव्हाही होते. पण जे बुडालं होतं ते या पोरांनी पुन्हा गायलं आणि पुढच्या पिढीने बिग स्टार शोधून ऐकला. याला मी ऋण फेडणं म्हणेन.

[दृश्य: रिकामा स्टुडिओ. तीन माइक.]

क्रिएशन हे त्यांचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, शतक सरताना बंद झालं. एक अल्बम सोनीच्या कोलंबियावर निघाला. आणि मग त्यांनी ब्रिटनमध्ये पेमा नावाचं स्वतःचंच लेबल काढलं. २००५चा 'मॅन-मेड' त्यावर आला, शिकागोत संगीत-निर्माता जॉन मॅकेन्टायरबरोबर ध्वनिमुद्रित केलेला. मागे उभी असलेली मोठी कंपनी गेली, तशी तारखांची घाईही गेली. पुढचा अल्बम पाच वर्षांनी आला, त्याच्या पुढचा सहा वर्षांनी. गाणी तयार झाली की अल्बम. वाटणी मात्र जुनीच.

२०१८मध्ये क्रिएशनच्या काळातले अल्बम पुन्हा तबकड्यांवर निघाले आणि बँड ते रंगमंचावर वाजवायला निघाला. त्या शरद ऋतूतले कार्यक्रम जेरार्ड लव्हचे शेवटचे ठरले. पुढच्या दौऱ्यांवर तिघांचं एकमत होईना. एकोणतीस वर्षांनंतर. मोठं भांडण चव्हाट्यावर आलं नाही, बँडने एक निवेदन काढलं आणि लव्ह बाहेर पडला. त्याने लिहिलेली गाणी बँड आता कार्यक्रमांत गात नाही. त्यात 'स्पार्कीज ड्रीम'ही आलं, अनेकांचं सगळ्यात लाडकं.

[दृश्य: पुन्हा हात, पुन्हा रेकॉर्ड. कव्हर उलटं होतं.]

'एंडलेस आर्केड', २०२१. बारा गाणी.

ब्लेक सहा. मॅगिन्ली सहा.