आकाशवाणी केंद्राला टाळं लागत नाही

(दृश्य: सांगलीचा आयर्विन पूल. पाण्याची पातळी दाखवणारे फुटांचे आकडे.)

40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. सांगलीत हे शाळकरी पोरंही सांगतात. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली होती.

कोयनेतून विसर्ग किती, वारणा कुठवर आली, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं? पुरात नदीकाठचं घर एवढंच विचारतं. लाईट गेलेली, मोबाईल मेलेला. ज्याचा चालू असतो त्याच्या व्हॉट्सॲपवर 'धरण फुटलं' म्हणून कुणीतरी ठोकून दिलेलं. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ लागतो, आणि त्यावर बोलणारं जबाबदार, इथलं माणूस लागतं.

(दृश्य: तासगावची द्राक्षबाग. पान उलटून दाखवणारा हात.)

सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 साली सुरू झालं. मध्यम लहरी, 1251 किलोहर्ट्झ. साताऱ्याची आकाशवाणी एफएमवर, 103.1.

हे पान बघा. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. हा दावण्या रोग. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर पाऊस पडला, की बघता बघता बाग धरतो. औषध कोणतं, किती, आजच मारायचं की उघडीप बघायची? दुकानदारही सांगतो, पण त्याच्याकडे जे शिल्लक असेल, ते सांगतो. रेडिओवरच्या कृषितज्ज्ञाला काही विकायचं नसतं. आणि तो मुंबईत बसून बोलत असेल, तर तासगावात काल रात्री पाऊस झाला हे त्याला कोण सांगणार?

(दृश्य: जुना रेडिओ परवाना, पोस्टाचे शिक्के.)

एके काळी रेडिओला परवाना लागायचा, पोस्टात पैसे भरून. 1980च्या दशकात तो गेला. 1997मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती स्थापन झाली. कायद्याने स्वायत्त, पण पगाराला पैसा आजही मुख्यतः केंद्र सरकारच्या अनुदानातून. म्हणजे आपल्याच करातून.

जानेवारी 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच झालं. पण नव्या प्रक्षेपकावरून बोलणार कोण? आकाशवाणी केंद्राला कुणी टाळं लावत नाही. एक अधिकारी निवृत्त होतो, जागा भरत नाहीत. नैमित्तिक, म्हणजे ड्युटीपुरत्या बोलावलेल्या, निवेदकांच्या ड्युट्या कमी होतात. मग स्थानिक कार्यक्रमाच्या जागी दुसऱ्या केंद्राचं सहक्षेपण, म्हणजे तिथलाच कार्यक्रम इथून ऐकवायचा. रेडिओ वाजतच असतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

जून 2023मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं. म्हणजे पुण्याहून येणाऱ्या सकाळी सात दहाच्या बातम्याच जाणार होत्या. श्रोते बोलले, पत्रकार बोलले, लोकप्रतिनिधींनाही बोलावं लागलं. काही दिवसांत निर्णयाला स्थगिती आली. अमेरिकेत असं झालं नाही. तिथल्या संसदेने जुलै 2025मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे 110 कोटी डॉलरचा निधी काढून घेतला, आणि झळ सगळ्यात जास्त बसते ती खेड्यापाड्यांतल्या छोट्या केंद्रांना.

आकाशवाणी सरकारचं गुणगान जरा जास्तच करते, ही तक्रार मला तरी रास्त वाटते. त्यासाठी कागदावरची नाही, खरी स्वायत्तता मागू या. केंद्र उपाशी ठेवून ती मिळत नाही.

(दृश्य: ग्रामपंचायतीची पायरी. कागदावर सह्या करणारी माणसं.)

केंद्रीय अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो. आपल्या खासदारांना पत्र त्याआधी, डिसेंबरातच पोचू द्या. 'रेडिओ वाचवा' एवढंच लिहून भागणार नाही. कोणता कार्यक्रम, किती वाजता ऐकता, त्याचा उपयोग काय झाला, ते लिहा. केंद्रातली रिकामी पदं कधी भरणार, हा प्रश्न संसदेत विचारा म्हणावं. एक प्रत केंद्राच्या कार्यक्रम प्रमुखांना पाठवा. वरिष्ठांपुढे ठेवायला त्यांनाही काहीतरी हवं असतं. आणि सोबत ग्रामसभेचा ठराव जोडलात तर उत्तमच. एकट्याचं पत्र फायलीत जातं; अख्ख्या गावाचा ठराव बाजूला सारणं खासदारांना जड जातं.