मध नसलेलं फूल

श्रोतेहो, नमस्कार.

आज पांढऱ्या चाफ्याबद्दल बोलणार आहे. कुणी त्याला खुरचाफा म्हणतं, कुणी देवचाफा. सोनचाफ्याशी त्याचं नाव जुळतं, नातं मात्र जुळत नाही. हा कण्हेरीच्या कुळातला. डहाळी मोडली की पांढरा चीक टपकतो. तेवढा डोळ्यांत जाऊ देऊ नका.

त्याचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत. नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याला ‘काकालोशोचित्ल’ म्हणतात, म्हणजे कावळ्याचं फूल. निकाराग्वाचं ते राष्ट्रीय फूल आहे. ‘प्लुमेरिया रुब्रा’ या शास्त्रीय नावात शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची आठवण आहे.

मला खरी ओढ आहे ती त्याच्या वासाची. दिवसा मंद असणारा हा वास अंधार पडला की दाट होतो, कारण तो रात्रीच्या पाहुण्यांसाठी असतो. जाड अंगाचे, लांब सोंडेचे हॉक मॉथ पतंग त्या वासावर येतात. पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एकीवर एक वळलेल्या, मधोमध अरुंद नळी. पतंग त्या नळीत सोंड घालतो, पण आत मध नसतोच! थेंबभरसुद्धा नाही. रिकाम्या सोंडेनं तो दुसऱ्या फुलाकडे जातो, तिथंही तेच. पण जाता-येता सोंडेला लागलेला पराग पोचता होतो. एवढ्या फुलांमागे शेंगा क्वचितच दिसतात. दिसल्या तर जरूर थांबून पाहा: बहुधा जोडीनं येतात, शिंगांसारख्या, आणि आत पंखवाल्या चपट्या बिया.

कोरड्या ऋतूत हे झाड पानं टाकून देतं आणि निष्पर्ण फांद्यांवर फुलतं. पाणी आणि अन्न त्या मांसल फांद्यांतच साठवलेलं असतं. म्हणून तर तोडून ठेवलेल्या फांदीलाही फुलं येतात. फांदी लावायची असेल, तर आधी काही दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यावा. ओला काप मातीत कुजतो.

आणि एक गंमत. त्याच्या मूळ मुलखात हॉक मॉथांपैकीच एकाची अळी याची पानं खाते. काळी, पिवळ्या पट्ट्यांची, डोकं तांबडं, लांबी सहा इंचांपर्यंत होऊ शकते. चिकाला ती भीत नाही. अशा अळ्या जमल्या तर झाड पार ओकंबोकं करतात. चाफ्याला पानांवाचून राहायची सवयच आहे. काही दिवसांनी फांद्यांच्या टोकांना पुन्हा हिरवे कोंब दिसू लागतात.