बांधायची वेळ येते तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. घरातल्या माणसाला मनोरुग्णालयात न्यायचं ठरलं की, गोव्यात डिचोली असो वा काणकोण, नातेवाईक हळूच विचारतात, ‘सिस्टर, त्याला बांधून तर ठेवणार नाही ना?’ आज त्याबद्दल एका परिचारिकेच्या बाजूनं बोलते.

२००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताच आलं नाही. २८ जीव गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळ्यांवर बंदी घातली, एकट्याला कोंडून ठेवण्यावरही. बांधायची मुभा आहे ती तत्काळ इजेचा धोका टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, तीही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून नाही आणि कर्मचारी कमी आहेत म्हणून तर मुळीच नाही.

परवानगी डॉक्टरांची, हात आमचे. मनगटावरच्या पट्टीखाली दोन बोटं शिरतील एवढी जागा ठेवायची, नखं निळी पडत नाहीत ना ते बघायचं, ‘उदक जाय?’, पाणी हवं का, म्हणून विचारत राहायचं. सकाळी ‘माई’ म्हणणारा माणूस तेव्हा शिव्या देत असतो. ‘इलाज नव्हता’ असं आम्ही एकमेकींना सांगतो, तरी घरी गेल्यावर जेवण जात नाही. ही टोचणी असायलाच हवी. जिला काहीच वाटेनासं झालं, तिची मला जास्त काळजी वाटते.

पण खरंच इलाज नसतो का? माणूस बहुतेक वेळा एकाएकी भडकत नाही. आधी येरझाऱ्या सुरू होतात, मुठी आवळल्या जातात, आवाज चढतो. तेव्हाच त्याला गडबडीतून बाजूला नेऊन शेजारी बसलं, काय खुपतंय ते विचारलं, तर पुष्कळदा पट्टी बांधावीच लागत नाही. त्यासाठी बसायला मोकळी सिस्टर लागते! रात्रपाळीला एक जास्त परिचारिका मागणं ही म्हणूनच पगार-सवलतीची मागणी नव्हे, रुग्णाच्या हक्काची मागणी आहे.

आणि नातेवाइकांनो, बांधल्याची माहिती रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांत मिळालीच पाहिजे. कारण काय, किती वेळ बांधलं, कसं बांधलं, याची नोंद केसपेपरवर असते. ती विचारा. त्याआधी काय काय करून पाहिलं, तेही विचारा. आम्हाला राग येणार नाही.