किर्शनरचा बर्लिन: लाकडात रस्ता कसा कोरायचा?

नमस्कार! स्क्रीनवर आहे जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरचा १९१४ सालचा वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून काढलेला छाप: 'पोट्सडामर प्लाट्झवरील स्त्रिया'. पोट्सडामर प्लाट्झ हा बर्लिनमधला चौक. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला 'डी ब्रुके' हा चित्रकारांचा गट उभा करणाऱ्यांपैकी किर्शनर एक. १९११ मध्ये बर्लिनला आला आणि तिथले रस्ते, तिथली गर्दी हाच त्याचा विषय झाला.

पुढे दोन बायका, मोठ्या, ताठ. मागे पुरुष, लहान आणि काळे. आता कडा बघा. गोलाई जवळजवळ नाहीच, सगळीकडे टोकं. यात लाकडाचा मोठा वाटा आहे. फळीच्या तंतूंच्या दिशेने पटाशी सरळ पळते. आडवी नेली की अडखळते, कपचा उडतो. म्हणून वळणाचे आपोआप तुकडे पडतात. किर्शनरने ते घासून गुळगुळीत केले नाहीत, आणि मला त्याची हीच गोष्ट सर्वात आवडते.

करून बघायचं असेल तर ६ मिमीचा बर्च प्लाय घ्या, ए-४ आकाराचा. त्यावर काळी शाई फासा, सुकली की पांढऱ्या खडूने रेखाटन करा. म्हणजे कोराल तितकं पांढरं, हे डोळ्यांना लगेच दिसतं. छाप उलटा येतो, त्यामुळे दुकानाची पाटी असेल तर अक्षरं उलटी काढा.

तंतूंना आडवं कोरताना आधी कटरने रेघ मारा, नाहीतर वरचा पापुद्रा रेघेच्या पलीकडे सोलला जातो. खोली दीड-दोन मिमी पुरे. मोठ्या पांढऱ्या जागेत थोडे उंचवटे राहिले तर शाई धरतात. ते राहू द्या, रस्त्याला हालचाल येते. पटाशीपुढे दुसरा हात कधीच ठेवू नका.

रिलीफ छपाईची, म्हणजे न कोरलेल्या उंच भागावरून होणाऱ्या छपाईची, तेलयुक्त शाई रोलरने पातळ लावा. रोलर फिरताना बारीक चर्र आवाज आला की प्रमाण बरोबर. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली, बारीक खाचा बुजणार. पातळ जपानी कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. प्रेस लागत नाही. किर्शनरही कित्येक छाप स्वतः काढायचा आणि त्यांवर 'आइगेनड्रुक', म्हणजे स्वहस्ते छापलेला, असं लिहायचा.

पहिला छाप फक्त तपासणीसाठी. गर्दीतले काळे कोट एकमेकांत मिसळले असतील तर मधे एक पांढरी रेघ उघडा. चेहरे मात्र सगळ्यात शेवटी कोरा. तिथे चार-पाचच खाचा लागतात, आणि निघालेलं लाकूड परत बसवता येत नाही.