पादुआ हायस्कूलमधली त्राटिका

श्रोतेहो, नमस्कार.

शेक्सपिअरच्या ज्या नाटकाचा शेवट आज जसाच्या तसा करायचा म्हटलं तर दिग्दर्शकाला घाम फुटतो, ते नाटक म्हणजे 'द टेमिंग ऑफ द श्रू'. १५९० च्या आसपास लिहिलेलं, १६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित संग्रहात, छापलेलं. आपल्याकडे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी त्याचं 'त्राटिका' केलं आणि शाहूनगरवासी मंडळीनं ते गाजवलं. प्रतापरावाच्या भूमिकेत गणपतराव जोशी, त्राटिकेच्या भूमिकेत बळवंतराव जोग. याच नाटकावरून १९९९ साली अमेरिकेत कॉलेजच्याही आधीच्या, शाळकरी वयातल्या पोरांची एक प्रेमविनोदी कथा पडद्यावर आली, 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू'. दिग्दर्शक गिल जंगर, पटकथा कॅरन मॅक्कुला आणि कर्स्टन स्मिथ या दोघींची. तिची जुळणी कशी केली आहे, ते आज उलगडून पाहू. एकांकिका लिहिणाऱ्यांनी कागद-पेन्सिल जवळ घेतली तरी चालेल.

आधी मूळ गोष्ट. इटलीतल्या पादुआ गावी बाप्टिस्टा नावाचा धनिक. त्याच्या दोन मुली. थोरली कॅथरिना जिभेनं तिखट, धाकटी बियांका गोड आणि मागणी असलेली. बापाची अट अशी की थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं नाही. बियांकाचे उमेदवार अडकून पडतात. तेवढ्यात व्हेरोनाहून पेट्रुकिओ येतो. त्याला बायको श्रीमंत हवी, बाकी कशीही चालेल. लग्न होतं. मग तो तिला घरी नेऊन उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, शिंप्यानं शिवून आणलेला झगा तिच्यासमोर नाकारतो, भरदुपारी सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. शेवटच्या पंगतीत नवरे पैज लावतात की कुणाची बायको हाकेसरशी येते. कॅथरिना येते आणि बायकांनी नवऱ्यापुढे कसं नमावं यावर ४४ ओळींचं भाषण करते.

पटकथेत यातलं काय टिकलं? गावाचं नाव शाळेला लागलं, पादुआ हायस्कूल. कॅट आणि बियांका या मुलींचं आडनाव स्ट्रॅटफर्ड, म्हणजे शेक्सपिअरचं गाव. नायक पॅट्रिकचं आडनाव व्हेरोना. ही वरवरची नक्षी झाली, रूपांतर करणाऱ्या कुणालाही ती दहा मिनिटांत सुचेल. खरी मेहनत बापाच्या अटीवर झालेली दिसते.

सोळाव्या शतकात 'आधी थोरली' म्हटलं की प्रेक्षकाला पुढे काही विचारायचं नसे. १९९९ च्या सिॲटलमध्ये अशी अट घालणारा बाप वेडा तरी वाटेल नाहीतर क्रूर. म्हणून त्याला प्रसूतितज्ज्ञ केलं. पंधरा वर्षांच्या मुलीची जुळी सोडवून घरी येणारा बाप आपल्या मुलींना मुलांबरोबर फिरू देत नाही, हे एका वाक्यात पटतं. लॅरी मिलर यांनी तो असा केला आहे की हसूही येतं आणि त्याची बाजूही समजते. बियांका फारच मागे लागते तेव्हा तो अट सुधारतो: कॅट एखाद्या मुलाबरोबर बाहेर जाईल, तेव्हा तूही जा. कॅट तर कुणाबरोबर जाणारच नाही, म्हणजे तो निश्चिंत. सगळा खेळ या एका वाक्यावर उभा आहे. रूपांतरं बहुधा इथेच गडगडतात. जुनी रूढी उचलून नव्या घरात ठेवली जाते, पण ती त्या घरात कुठून आली याचं कारण कुणी देत नाही. मग प्रेक्षक दुसऱ्या प्रवेशापर्यंत 'पण त्यांनी सरळ बापाला सांगावं ना' असं म्हणत बसतो.

आता पैशाकडे या. मूळ नाटकात पेट्रुकिओला रोख वीस हजार क्राउन आणि सासऱ्याच्या पश्चात निम्मी जमीन मिळायची असते. शिवाय त्याच्या प्रेमयाचनेचा खर्च बियांकाचे उमेदवार उचलतात. ही दुसरी गोष्ट नाटकात दोन ओळींत उरकली आहे. पटकथाकर्त्यांनी हुंडा टाकला आणि या दोन ओळी मध्यभागी आणून बसवल्या. नवा मुलगा कॅमेरॉन बियांकावर भाळलेला, पण खिसा रिकामा. म्हणून तो आणि त्याचा मित्र मायकल श्रीमंत, देखण्या, बिनडोक जोईला पुढे करतात. कॅटला बाहेर न्यायचे पैसे जोई पॅट्रिकला देतो. पॅट्रिक सिनेमाचं तिकीट, पॉपकॉर्न, मनुकांची चॉकलेटं असा हिशेब मांडून पन्नास डॉलरवर सौदा करतो, पुढे भाव शंभरावर नेतो आणि प्रॉमसाठी, म्हणजे वर्षअखेरच्या नाचाच्या समारंभासाठी, तीनशे घेतो.

यानं काय साधलं? नाटकात पैशाचा व्यवहार उघड आहे, कॅथरिनाला तो कळण्या न कळण्यानं काही अडत नाही. इथे तो गुपित झाला. गुपित आलं की ते फुटणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, आणि भाव जितका चढतो तितका स्फोट मोठा. ते गुपित कुणी फोडावं हेही नीट ठरवलेलं आहे. पॅट्रिक स्वतः कबूल करत नाही, मैत्रीण चुगली करत नाही. ऐन प्रॉममध्ये बियांकाला कॅमेरॉनबरोबर पाहून जोई चिडतो आणि पॅट्रिकला कॅटच्या समोरच पैशाचा जाब विचारतो. त्यामुळे बदलण्याची पाळी मुलीवर न येता मुलावर येते.

वेषांतरं मात्र जवळजवळ सगळी कापली. मूळ नाटकात बियांकाचा एक उमेदवार लुसेंशिओ शिक्षक होतो, त्याचा नोकर लुसेंशिओ होतो, एका वाटसरूला खोटा बाप बनवतात, मग खरा बाप दारात येतो. हे उपकथानक शेक्सपिअरनं जॉर्ज गॅस्कॉइनच्या 'सपोझेस' वरून घेतलं आणि त्यानं आरिओस्तोच्या इटालियन नाटकावरून. रंगभूमीवर धमाल येते, पण कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की खोटी दाढी कुणी मानत नाही. उरली फक्त शिकवणी. लुसेंशिओ लॅटिनच्या आडून प्रेम सांगतो, कॅमेरॉन फ्रेंचच्या आडून. त्याला फ्रेंच येतही नाही, शिकवण्यासाठी तो ते शिकतो. बियांकाला पाहिल्यावर त्याच्या तोंडी लुसेंशिओचीच ओळ आहे, 'जळतो, झुरतो, मरतो' या अर्थाची. अशा जुन्या ओळी चित्रपटभर मोजक्याच आहेत, आणि ज्याला त्या ओळखू येत नाहीत त्याचं काही बिघडत नाही.

आता येतो तो या रूपांतराचा गाभा, आणि माझ्या मते दोघी लेखिकांची खरी हुशारी. पेट्रुकिओचे छळ त्यांनी नुसते गाळले नाहीत. त्यातल्या क्रिया ठेवल्या आणि कुठे हेतू, कुठे सोसणारा बदलला.

पार्टीचा प्रवेश घ्या. कॅट भरपूर पिते, टेबलावर चढून नाचते आणि डोकं वरच्या झुंबरावर आपटते. पॅट्रिक तिला सावरून बाहेर आणतो आणि झोपू देत नाही. नाटकातही नायक नायिकेला झोपू देत नाही! पण तिथे तो तिला मोडायला जागवतो. इथे डोक्याला मार लागलाय, झोपली तर शुद्ध हरपेल, या भीतीनं. त्याच रात्री ती त्याचं चुंबन घ्यायला पुढे होते, तेव्हा ती शुद्धीत नाही म्हणून तो मागे सरतो, आणि ती रागावते.

किंवा चारचौघांतली फजिती घ्या. पेट्रुकिओ लग्नाला उशिरा येतो, तोही फाटक्यातुटक्या विचित्र कपड्यांत, आणि खाली मान घालावी लागते ती कॅथरिनाला. चित्रपटात कॅट अपमानित झाली आहे, तर पॅट्रिकला सल्ला मिळतो की आता स्वतःची अब्रू पणाला लाव आणि हिशेब फेड. म्हणून तो मैदानाच्या पायऱ्यांवर ध्वनिक्षेपक हातात घेऊन, शाळेच्या बँडच्या साथीत फ्रँकी व्हॅलीचं जुनं गाणं म्हणतो, रखवालदार मागे लागतात तरी गातच राहतो. ते मैदान टकोमा शहरातल्या स्टेडियम हायस्कूलचं. ही इमारत रेल्वे कंपनीनं हॉटेल म्हणून बांधायला घेतली होती, मधे आग लागली, आणि १९०६ पासून तिथे शाळा भरते. फ्रेंच किल्ल्यासारखे तिचे बुरूज पाहिले की इटलीची आठवण काढायची वेगळी गरज उरत नाही.

तिसरी जोडी वाद्याची. नाटकात कॅथरिना संगीतशिक्षकाच्या डोक्यात ल्यूट घालते. चित्रपटात जोईच्या पैशातून पॅट्रिक शेवटी कॅटला इलेक्ट्रिक गिटार आणून देतो, कारण तिला बँड काढायचा आहे. इथे एक खोच राहते. लाचेच्या पैशानं आणलेली वस्तू माफीची भेट कशी? लेखिकांना हे दिसलं असावं, कारण दर वेळी चुकल्यावर गिटार आणून भागणार नाही असं कॅट त्याला सुनावते. तरी हा शेवट जरा घाईत मिटवलाय, हे म्हणायलाच हवं.

राहिलं ते ४४ ओळींचं भाषण. त्याचं काय करायचं हा प्रश्न रंगकर्मींना फार जुना आहे. जॉन फ्लेचरनं १६११ च्या सुमारास उलट नाटक लिहून पेट्रुकिओलाच दुसऱ्या बायकोच्या हाती वठणीवर आणलं. १९२९ च्या बोलपटात मेरी पिकफर्डनं भाषण केलं आणि बहिणीकडे पाहून डोळा मिचकावला. आणखी एक गोष्ट विसरली जाते. एलिझाबेथच्या लंडनमध्ये हे शब्द बोलायचा तो मुलीच्या वेषातला मुलगा, आणि आपल्याकडे त्राटिका झाले ते बळवंतराव जोग, म्हणजे शरणागतीचं हे भाषण दोन्हीकडे पुरुषाच्याच तोंडून ऐकू येई. बाईनं ते प्रामाणिकपणे म्हणायचं ठरवलं की अंगावर येतं.

चित्रपटानं ते वर्गात नेलं. इंग्रजीचे शिक्षक मॉर्गनसर शेक्सपिअरचं १४१ वं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, म्हणून दाखवतात आणि त्याची स्वतःची आवृत्ती लिहून आणायला सांगतात. त्या सुनीताचा आशय असा: माझे डोळे तुझ्यात हजार दोष पाहतात, तरी डोळे ज्याला तुच्छ मानतात त्याच्यावर मन जडलंय. कॅटची कविता नेमकी याच सांगाड्याची आहे. एकेक तक्रार, तक्रारीमागून तक्रार, आणि शेवटी सगळ्या तक्रारींवर पाणी. म्हणजे उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवलेलं होतं, आपलं लक्ष नव्हतं. वृत्त सुनीताचं नाही, पोवाड्यासारखं चालतं आणि शेवटच्या ओळींत चालही मोडते. कॅट झालेली ज्यूलिया स्टाइल्स तिथे रडते ते या मोडलेल्या चालीवर. कॅथरिना नवऱ्याच्या हुकमावरून बोलते आणि त्या आज्ञाधारकपणावर खूश होऊन बाप आणखी वीस हजार क्राउन देतो. कॅट स्वतः हात वर करून उभी राहते. तिला त्याबद्दल कुणी काही देत नाही.

आता कामाची गोष्ट, एकांकिकावाल्यांसाठी. शेक्सपिअरचं नाटक कुणाच्याही मालकीचं नाही. अट, उमेदवार, शिकवणी, पैज, हे सारं खुशाल घ्या. झुंबर, मैदानातलं गाणं, तक्रारींची कविता, गुपचूप ठरलेला भाव हे मात्र चित्रपटाचं आहे, आणि आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनापासून ६० वर्षं टिकतो. म्हणून चित्रपट एकदाच पाहा, बाजूला ठेवा आणि लिहायला बसताना समोर मूळ नाटक घ्या. पहिला प्रश्न बापाच्या अटीचा: तुमच्या गावात, तुमच्या घरात ती अट आज कोण आणि का घालेल? त्याचं उत्तर एका वाक्यात येईना, तर पुढचा प्रवेश लिहू नका.