घरी जाऊन सेवा करायची, पण किती? | केअरटेकरचं खरं काम

राम राम मंडळी.

धुळे, जळगाव, नंदुरबार. कुठल्याही गावात दुपारी ओट्यावर बसलेल्या आजीला विचारा, पोरगं कुठे? बऱ्याचदा उत्तर येईल, ‘सुरतले.’ नाहीतर नाशिक, नाहीतर पुणे. घर इथं, शेत इथं आणि आजी एकटी. सुरतच्या एका खोलीत पोराच्या संसारात जाऊन पडायचं तिला नको असतं. तिला आपल्याच घरात राहायचंय. त्यासाठी रोज दोन-चार तास जे माणूस घरी येतं, त्याच्या कामाबद्दल आज बोलू. कुणी केअरटेकर म्हणतं, कुणी ‘आजीकडे येणारी बाई’. मी हेच काम करते आणि नव्या मुलींना शिकवतेही.

आधी एक उलटं वाटेल असं सांगते. या कामात फार राबणारी बाई मला आवडत नाही.

समजा, आजीला लकवा मारून गेलाय, उजवी बाजू कमजोर आहे. नवी मुलगी येते, केस विंचरते, ब्लाउज घालून देते, घास भरवते. वीस मिनिटांत सगळं आटोपतं, घरचे खूश. आणि काही आठवड्यांत आजीचा चांगला हातसुद्धा ढिला पडायला लागतो, कारण त्याला कुणी काही करूच देत नाही.

मग करायचं काय? ब्लाउज घालताना कमजोर हात आधी बाहीत, मग चांगला. काढताना उलट, चांगला हात आधी बाहेर. एवढं एकदा जमलं की बरंचसं काम आजी स्वतः करते, तुम्ही हुक लावायचे. वीसच्या जागी चाळीस मिनिटं लागतील. लागू देत. पगार त्या थांबण्याचाच मिळतो.

काठी चांगल्या हातात द्यायची. बऱ्याच घरांत ती दुखऱ्या बाजूला दिलेली असते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. फिजिओथेरपिस्टने वेगळं सांगितलं असेल तर अर्थात त्याचंच ऐकायचं.

आणि भाकरी! आजीचा जीव कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीत. एका हाताने भाकरी थापता येत नाही, मान्य. पण पीठ किती घ्यायचं, पाणी किती, तवा तापला की नाही, हे सांगायला हात लागत नाही. तिला चुलीजवळ खुर्चीवर बसवा आणि तिच्या हुकमाने तुम्ही थापा. ती शिव्या घालेल. घालू द्या. घरात अजून आपलं चालतं, हे तिला त्यातून कळतं.

आता घराकडे बघू, कारण निम्मं काम तिथं आहे. जुनी धाब्याची घरं, उंच उंबरठा, आत अंधार. खाट अशी झोळ पडलेली की धडधाकट माणसालाही उठताना जोर लावावा लागतो. नवार घट्ट करून घ्या, खाटेच्या पायांखाली पक्के ठोकळे द्या. उंची वाढली की आजी आपली आपण उठते. मोरीत पाटाऐवजी न घसरणारी खुर्ची, हाताशी भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा. नुसत्या खिळ्यावर टांगलेला नको, तो अंगावर येईल. रात्रीच्या दिव्याचं बटण खाटेवरून हाताला लागलं पाहिजे. उंबरठ्याजवळची घडी पडलेली गोधडी आजच उचला.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी संडासाला मानते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि नेमकी तेव्हाच म्हातारी माणसं पाणी कमी पितात. माठ भरलेला असतो, तहानही असते. पण पाणी प्यायलं की उठावं लागणार, संडास अंगणाच्या टोकाला, कुणाला हाक मारायची लाज. म्हणून ती पीत नाहीत. मग चक्कर, लघवीची जळजळ, दवाखाना. तिथं ‘पाणी प्या हो आजी’ म्हणून काही होत नाही. खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवा, पडदा लावा. पाणी आपोआप प्यायलं जातं.

भाषेचंही बघा. साक्री-शिंदखेड्याकडे अहिराणी, यावल-रावेरला लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी नाहीतर भिली. दुखणं माणूस आपल्या बोलीतच सांगतं. आजी ‘मन्हं मी करसू’ म्हणाली की आपला हात मागे घ्यायचा.

हे काम फक्त म्हाताऱ्यांचं नाही. व्हीलचेअरवरचा पंचविशीतला पोरगाही असतो, आणि त्याच्या घरचे सगळं त्याला सोडून तुम्हालाच विचारतात. तुम्ही त्याच्याकडे बघून बोला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे: दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कुठं राहायचं, कधी उठायचं, कुणाबरोबर चहाला जायचं, हे तो ठरवणार. तुम्ही खुर्ची ढकलायची.

कागदांचं थोडक्यात. ६५ च्या पुढच्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजना, निराधाराला संजय गांधी योजना. अर्ज तहसीलला. दिव्यांगांसाठी युडीआयडी कार्ड, म्हणजे त्यांचं सरकारी ओळखपत्र. ७५ पूर्ण झाली की एसटी फुकट, आणि हे मी फार वापरते. आजीला चारचाकीने नेण्यापेक्षा लालपरीने अमळनेरच्या बाजारात न्या. साडी तिलाच निवडू द्या. कापूस वेचून, निंदणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आधारच्या मशीनवर अंगठा उठत नाही. तेव्हा भांडू नका, डोळ्यांच्या स्कॅनची सोय आहे का विचारा. कुणी म्हाताऱ्या माणसाला मारहाण करतंय, घराबाहेर काढतंय असं दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

पैशांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. आजीचं एटीएम, पिन, पासबुक आपल्याकडे ठेवायचं नाही, तिने प्रेमाने दिलं तरी. बाजारातून काही आणलं तर चिठ्ठी आणि उरलेले पैसे लगेच तिच्या हातात. कुठल्याही कागदावर अंगठा कुणीही घेत असलं, सख्खा मुलगा का असेना, आजीला वाचून दाखवल्याशिवाय तो उठू द्यायचा नाही. इंजेक्शन आपण द्यायचं नाही, गोळ्यांचा डोस आपल्या मनाने बदलायचा नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या बाजूने. पहिल्याच दिवशी तास, सुट्टी, पगार आणि कामं कागदावर लिहून घ्या. नाहीतर महिन्याभरात तुम्ही अख्ख्या घराची धुणीभांडी करत असता आणि आजी खाटेवर वाट बघत असते. या कामाचं रीतसर प्रशिक्षणही असतं, ‘होम हेल्थ एड’ आणि ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ अशा नावांनी. जमलं तर जरूर करा. माणूस उचलताना आधी जाते ती आपली कंबर, आणि ती कशी वाचवायची ते तिथं हात धरून शिकवतात.

पुढच्या व्हिडिओत तेच दाखवणार आहे, खाटेवरून खुर्चीवर कसं घ्यायचं. सरावाला घरातलं एक धडधाकट माणूस पकडून ठेवा. शक्यतो नवरा. त्याला उचलता आलं की आजी सोपी जाते.