एका घरात दोन पेठा

श्रोतेहो, नमस्कार.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं आणि सासर शिवाजी पेठेतलं. कोल्हापूरच्या श्रोत्यांना एवढं पुरे, ते आत्ता गालातल्या गालात हसले असतील. बाहेरगावच्यांसाठी थोडी फोड करून सांगते. मंगळवार पेठेतलं पाटाकडील तालीम मंडळ, आम्ही त्याला पीटीएम म्हणतो. शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळ. दोन्ही फुटबॉलचे संघ. शाहू स्टेडियमवर हे दोघे समोरासमोर आले की त्या दिवशी दुपारनंतर कुणाकडं काही काम काढू नये. न्हाव्याकडंसुद्धा जाऊ नये.

आमचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका पाहिली, देणंघेणं बोलून झालं, साखरपुड्याची तारीख निघाली. मग माझ्या धाकट्या काकांनी, तात्यांनी, जाता जाता विचारलं, "पावणं, मॅच बघता न्हवं?" आमचे हे म्हणाले, "बघतो की. शिवाजीची." तात्या पुढं काही बोलले नाहीत. पान लावत बसले. परत येताना रिक्षात म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. एवढं एक सोडलं तर."

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात मी सासरच्या मंडळींबरोबर मॅचला गेले. त्या काळी गॅलरीत बायका बोटावर मोजण्याइतक्या. मी मनाशी ठरवून गेले होते की गप्प बसायचं. नवी सून, आजूबाजूला सगळे दीर, चुलतदीर, गल्लीतले लोक. पदर सावरून, शेंगांचा पुडा हातात धरून बसले. उत्तरार्धात आमच्या, म्हणजे माहेरच्या, सेंटर फॉरवर्डनं दोघांना चकवलं आणि चेंडू जाळीत. मी उभी राहून ओरडले तेव्हा आजूबाजूची सगळी रांग खाली बसलेली होती. शेंगा पुढच्याच्या टोपीवर सांडलेल्या. क्षणभर कुणाला काय बोलावं सुचेना. मग मामा, म्हणजे माझे सासरे, शांतपणे म्हणाले, "बसा सूनबाई. ऊन लागलं असंल."

त्यानंतर मामांनी मला कधी बाजू बदलायला सांगितलं नाही. उलट कुणी घरी आलं की ते मुद्दाम ओळख करून देत, "ही आमची सून. पीटीएमची." जणू मी तिथली वकील होते.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं त्यात काय बघता? बावीस माणसं एका चेंडूमागं पळतात. मी म्हणते, बाजू न घेता बघितलं तर खरंच तेवढंच दिसतं. कुणाचाच न होता बघितलेली मॅच म्हणजे बिनरश्शाची मिसळ; फरसाण आहे, कांदा आहे, पण घाम येत नाही. बाजू घेतली की साधा थ्रो-इनसुद्धा आपल्या घरचा होतो.

आणि डोळा तयार होतो, हे मला फार आवडतं. सुरुवातीला मीही नुसता चेंडू बघायची. माझा दादा म्हणायचा, "चेंडू सोड. आपल्या स्टॉपरकडं बघ, तो कुठं सरकतोय." स्टॉपर म्हणजे मागं बचाव सांभाळणारा गडी. तसं बघायला लागले आणि मैदान एकदम मोठं झालं. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात असताना इकडं हाफवरचा पोरगा हळूच दोन पावलं पुढं येतो, गोलकीपर हात वर करून कुणाला तरी मागं बोलावतो, एक जण बुटाची लेस बांधल्याचं नाटक करून दम खातो. हे सगळं दिसायला लागलं की गोल होण्याआधी तीन पास अलीकडंच पोटात गोळा येतो. शेजारचा नवखा माणूस अजून निवांत असतो, आणि आपण त्याचा हात घट्ट धरलेला असतो.

ऑफसाइड मात्र आमच्या आत्याबाईंना कुणालाच समजावता येईना. माझ्या यजमानांनी काड्यापेट्या मांडून पाहिल्या, दिरानं वाट्या मांडल्या. शेवटी मी पंगत मांडली. म्हटलं, वाढपी मागून वाढत येतोय. तुम्ही शेवटच्या पानाच्याही पुढं एकट्याच जाऊन बसलात, तर तुम्हाला वाढणार नाहीत, उठवतील. आत्याबाई म्हणाल्या, "मग बरोबर हाय की. हावरटच म्हणायचा तो." तेव्हापासून आमच्या घरात लाइनमननं झेंडा वर केला की एकच शब्द उठतो: हावरट.

आता बाहेरगावच्या श्रोत्यांना एक प्रश्न पडला असेल. संघ फुटबॉलचा आणि नाव तालीम मंडळ, हे कसं? पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, ही सगळी नावं तुम्हाला शाहू स्टेडियमच्या गुणफलकावर दिसतील. तालीम म्हणजे लाल माती, जोर-बैठका, मारुतीची तसबीर. पण कोल्हापुरात तालीम ही पेठेची ओसरीही असते. गणपती तिथूनच निघतो, शिवजयंती तिथंच ठरते, कुणाच्या घरी अडचण आली तर पहिली माणसं तिथलीच धावतात. त्याच पोरांच्या पायात फुटबॉल आला, आणि पाटी बदलायची कुणाला गरज वाटली नाही.

कुस्ती बघायची सवय तर या गावाला राजर्षी शाहू महाराजांनीच लावली. महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचं जुनं गोल प्रेक्षागार पाहिलं आणि तसंच आपल्याकडं कुस्तीसाठी असावं असं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं. वाडग्यासारखा उतार, तळाला आखाडा. कुठंही बसा, पैलवानाच्या पाठीला माती लागली की नाही ते दिसतं. मला त्या रचनेत बघणाऱ्याचा मान दिसतो. शेवटच्या रांगेतल्या हमालालाही कुस्ती तेवढीच स्वच्छ दिसायला हवी, याचा विचार कुणीतरी केला होता.

माझे वडील मला खासबागेत खांद्यावर बसवून न्यायचे. हलगी कडाडली की त्यांचे खांदे आपोआप हलायला लागत. एखाद्या पोरानं घिस्सा डाव मारून अंगानं थोर असलेला गडी चितपट केला की अनोळखी माणसं खिशातून नोट काढून त्याच्या हातात ठेवत. अण्णांचा स्वभाव तसा चिक्कू, रिक्षाऐवजी पायी जाणारा. पण एकदा त्यांनी दहाची नोट दिली आणि घरी येताना मला बजावलं, "आईला पाच सांग."

पेठेच्या संघाचं एक समजू शकतं, पण आम्ही कोल्हापूरकर अर्जेंटिना आणि ब्राझीलवरूनही भांडतो. विश्वचषक आला की चौकाचौकात त्यांचे झेंडे आणि खेळाडूंचे ताडमाड कटआउट. त्यातल्या बऱ्याच जणांनी तो देश नकाशावर नीट पाहिलेला नसतो. माझा दीर ब्राझीलचा. २०१४ च्या उपांत्य सामन्याला, रात्री दीड वाजता, त्यानं गल्लीतली पंचवीस माणसं घरी जमवली. जर्मनीनं पहिल्या २९ मिनिटांत पाच गोल केले. शेवटी ७-१. चहाचं पातेलं उकळत राहिलं, कुणी कपच उचलेना. पहाटे निघताना एक जण दाराशी थांबून म्हणाला, "वहिनी, सांभाळा त्याला." जणू घरात मयत झालं होतं.

आणि मग १८ डिसेंबर २०२२ ची ती रात्र. अर्जेंटिना दोन गोलनं पुढं, चौकात फटाक्यांच्या माळा सोडून ठेवलेल्या, आणि ८०व्या नि ८१व्या मिनिटाला एम्बाप्पेनं दोन गोल फेडले. माळा परत पिशवीत गेल्या. जादा वेळेत मेस्सीनं गोल केला, माळा बाहेर आल्या. फ्रान्सनं पुन्हा बरोबरी केली, माळा पुन्हा आत. टायब्रेकरमध्ये ४-२ झालं तेव्हा काड्यापेटी कुणाकडं होती तेच कुणाला आठवेना. ब्राझीलवाल्या माझ्या दिरानंच ती काढून दिली.

पण अंगावर काटा आला तो ऑक्टोबर २०१७ मध्ये. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होता आणि भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेविरुद्ध ०-३ असा पहिला सामना गेला. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं हेडरवर गोल केला, फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला. तिन्ही सामने आपण हरलो. तरी त्या आठवड्यात आमच्या घरात एकच पेठ होती.

हे सगळं गोड गोड सांगते आहे, पण एक गोष्ट मला अजिबात पचत नाही. दगड, बाटल्या, रेफ्रीच्या अंगावर धावून जाणं, त्यापायी सामना मध्येच थांबणं. दोष आमच्या पेठेचाही आहे, त्यांच्याही. अशा एका संध्याकाळी गेटाबाहेर मी माझ्या नातवाचा हात धरून भिंतीला चिकटून उभी होते आणि त्यानं विचारलं, "आजी, मॅच संपली का?" काय सांगणार?

कारण विरोधक हवाच असतो, आणि तो धडधाकट हवा असतो. एका वर्षी एका स्पर्धेतून शिवाजी लवकर बाहेर पडलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, दोन दिवस. मग रविवारी सकाळी हे पेपर वाचत बसले, दुपारी झोपले. मी एकटी मॅचला गेले, आमचा संघ जिंकला, घरी येऊन सांगितलं, तर म्हणाले, "असं का? बरं झालं." श्रोतेहो, त्या "बरं झालं"नं माझा विजय पार पातळ केला. पुढच्या हंगामात शिवाजीची पहिली मॅच होती, तेव्हा मीच त्यांना कपाटातला जर्सी काढून इस्त्री करून दिला.

आता मामा नाहीत, तात्याही नाहीत. नातू अजून कुठल्या बाजूचा ते ठरलेलं नाही. सकाळी आजोबांबरोबर चहा-खारी खाताना तो शिवाजीचा असतो, दुपारी माझ्याकडून सरबताला पैसे घेताना पीटीएमचा.

आज चार वाजता दोघांचा सामना आहे. हे रेकॉर्डिंग संपलं की मी निघणार, हे खाली गाडी घेऊन थांबलेत. जाताना आम्ही एकाच गाडीवर जातो. येताना रिक्षानं कोण येणार, ते साडेपाच-पावणेसहाला कळेल.